कामाचा भार आणि मनाची तपासणी

शरीर आजारी पडण्यापूर्वींच त्याची निगा राखावी, हा विचार आमच्या लोकांस नवा नाहीं. आमच्या वैद्यकानें 'स्वस्थवृत्त' म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच मानलें असून, निरोगी माणसानें निरोगी कसें राहावें हें त्यांत सांगितलें जातें. दिनचर्या, ऋतुचर्या, आहार, निद्रा यांविषयींचे नियम आमच्या आजीबाईंस मुखोद्गत असत. मुलांस वेळच्या वेळीं लस टोंचून घेणें, पाणी उकळून पिणें, चाळिशी उलटली कीं रक्तांतील साखर तपासून घेणें, या गोष्टीही आतां सुशिक्षित घरांतून अंगवळणीं पडल्या आहेत.

मनाच्या बाबतींत मात्र आमची भाषाच तोकडी पडते. माणूस एक तर शहाणा, नाहीं तर वेडा. या दोहोंच्या मध्यें कांहीं असतें, याची दखल आमच्या घरांतून क्वचितच घेतली जाते. मुलगा रात्रीं दहाला कचेरींतून येतो, पानावर बसून चार घांस चिवडतो, कोणी कांहीं विचारलें तर तुटक उत्तर देतो, आणि पहांटे तीनला दिवाणखान्यांत दिवा लावून बसलेला आढळतो. वडील म्हणतात, "नवी नोकरी आहे, होईल संवय." आई मीठमोहऱ्या ओवाळते. बायको कांहींच म्हणत नाहीं, कारण तिचीही कचेरी आहे आणि तीही तितकीच थकलेली आहे. सहा महिन्यांनीं तो राजीनामा देतो किंवा अंथरूण धरतो, तेव्हां सर्वांस आश्चर्य वाटतें.

या मधल्या सहा महिन्यांविषयीं आम्हांस आज लिहावयाचें आहे. त्या काळांत घरच्यांनीं काय करावें, हें सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या कचेरींत तो दिवसाचे अकरा तास असतो, त्या कचेरीचें या बाबतींत कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं? जपाननें या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें देण्याचा प्रयत्न केला आहे. त्या राष्ट्राचें उदाहरण घेण्याचें कारण एवढेंच कीं, या दुखण्याची किंमत त्यानें फार मोठी मोजली आणि मोजल्यावर ती लपविली नाहीं.

जपानी भाषेंत 'कारोशी' असा एक शब्द आहे. चिनी लिपींतील तीन अक्षरांचा हा समास. 'का' म्हणजे अति, 'रो' म्हणजे श्रम, 'शी' म्हणजे मरण. आमच्या वैयाकरणांनीं 'अतिश्रमानें मरण' असा विग्रह करून तो तृतीया-तत्पुरुषांत घातला असता. १९६९ सालीं एका वर्तमानपत्राच्या रवानगी-खात्यांतील २९ वर्षांचा कामगार मेंदूच्या विकारानें अकस्मात् मरण पावला. कारोशीचें पहिलें उदाहरण म्हणून त्याचाच दाखला देण्यांत येतो. शब्द मागाहून आला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं डॉक्टरांनीं तो प्रचारांत आणला, आणि १९८८ सालीं वकिलांनीं अशा कुटुंबांस सल्ला देण्यासाठीं दूरध्वनीची सोय केली, तेव्हां तो घरोघर पोंचला. त्या दूरध्वनीवर बोलणाऱ्यांत कामगारांच्या बायका पुष्कळ होत्या. नवरा कचेरींत मुकाट्यानें राबत होता. तो खंगत चालला आहे हें घरांत दिसत होतें.

आरंभीं हा शब्द हृदयाच्या व मेंदूच्या विकारांनीं येणाऱ्या मृत्यूपुरता होता. कामाच्या भारानें मन खचून माणूस आपल्याच हातानें जीवन संपवितो, ही त्याची दुसरी बाजू पुढें न्यायालयापुढें आली. डेन्त्सू ही टोकियोंतील नामांकित जाहिरात-कंपनी. १९९० च्या एप्रिलांत तेथें नोकरीस लागलेल्या एका तरुणानें १९९१ च्या ऑगस्टांत, वयाच्या २४ व्या वर्षीं, आत्मघात केला. रात्र रात्र तो कचेरींतच असे. आईबापांनीं कंपनीवर फिर्याद केली, आणि २४ मार्च २००० रोजीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कामाचा थकवा व मनावरचा भार अतिरेकास जाऊन नोकराचें आरोग्य बिघडूं नये, याची काळजी घेणें हें मालकाचें कर्तव्य आहे.

या खटल्यांतील एक पोटमुद्दा आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावा. मधल्या न्यायालयानें भरपाईची रक्कम कमी केली होती, व त्यासाठीं दोन कारणें दिलीं होतीं. एक, मुलगा स्वभावानेंच अति काटेकोर व जबाबदारी अंगावर घेणारा होता. आणि दुसरें, आईबाप एकाच घरांत राहत असून त्यांनीं वेळींच कांहीं केलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें हीं दोन्ही कारणें अमान्य केलीं. नोकरांचे स्वभाव नाना प्रकारचे असणार, हें मालकानें गृहीतच धरलें पाहिजे. आणि मुलगा सज्ञान व स्वतंत्रपणें नोकरी करणारा असतां, त्याच्या कचेरींतील कामाचे तास कमी करणें आईबापांच्या हातीं कोठून असणार? मुलाचें दुखणें म्हणजे आपल्याच संस्कारांची उणीव, असें मानून मनांतल्या मनांत झुरणारीं आईबापें आमच्यांतही थोडीं नाहींत. त्यांनीं हा निकाल मुद्दाम वाचावा.

त्याच वर्षीं, म्हणजे २००० सालीं, जपानच्या मजूर-मंत्रालयानें मालकांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. मनाची निगा चार हातांनीं राखावयाची, अशी त्यांची मांडणी आहे. पहिला हात स्वतः नोकराचा, दुसरा त्याच्या लगतच्या वरिष्ठाचा, तिसरा कचेरींतील डॉक्टर व परिचारिका यांचा, आणि चवथा बाहेरच्या तज्ज्ञांचा. मांडणी सुरेख होती. पण त्या सूचना होत्या, सक्ती नव्हती. १९९८ पासून जपानांत दरवर्षीं आत्मघात करणाऱ्यांची संख्या ३०,००० च्या वर गेली होती, आणि ती त्याखालीं येण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. अखेर २०१४ सालीं कारखाने व कचेऱ्या यांतील आरोग्याच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि १ डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक ठिकाणीं वर्षांतून एकदां नोकरांच्या मनावरील ताणाची तपासणी करणें मालकावर बंधनकारक झालें.

ही तपासणी कशी होते, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण सर्व मर्म तपशिलांत आहे. सरकारनें शिफारस केलेली प्रश्नावली ५७ प्रश्नांची आहे. त्यांतील १७ प्रश्न नोकराच्या कामाविषयीं आहेत: काम वेळेंत उरकण्याजोगें आहे काय, आपल्या कामाची रीत ठरविण्यास आपणांस मोकळीक आहे काय, सहकाऱ्यांशीं खटके उडतात काय, अशा आशयाचे. २९ प्रश्न त्याच्या शरीरमनाच्या स्थितीविषयीं आहेत. झोंप, भूक, थकवा, चीड, उदासी, पाठदुखी, डोकेंदुखी या सर्वांची त्यांत विचारपूस आहे. ९ प्रश्न आधाराचे, म्हणजे अडचणीच्या वेळीं वरिष्ठ, सहकारी अथवा घरचीं माणसें यांच्यापाशीं मन कितपत मोकळें करतां येतें, याविषयींचे. आणि उरलेले २ समाधानाविषयींचे. चार ठराविक उत्तरांपैकीं एकावर खूण करावयाची. सारें पांचदहा मिनिटांत उरकतें. कोणास वेडा ठरविण्याचा यांत हेतु नाहीं, किंवा रोगाचें नांव शोधण्याचाही नाहीं. भार किती आहे आणि आधार किती आहे, एवढेंच तोलून पाहावयाचें.

पुढें जें होतें तें अधिक महत्त्वाचें. उत्तरें डॉक्टर किंवा शिक्षित परिचारिका अशा अधिकृत व्यक्तीच तपासते. ज्याच्या हातीं बढती, बदली वा बडतर्फी आहे, त्यास या कागदांस हात लावतां येत नाहीं. निकाल थेट नोकरासच कळवावयाचा. त्याच्या संमतीवांचून तो मालकास सांगणें हा गुन्हा आहे. भार फार आढळला तर डॉक्टरची भेट मागण्याचा नोकरास अधिकार आहे. त्यानें मागितली कीं ती घडवून आणणें मालकास भाग आहे, आणि ती मागितली म्हणून नोकरास काढणें किंवा त्याचें वाईट करणें कायद्यानें मना आहे. उलट पक्षीं, नोकरावर मात्र प्रश्नावली भरण्याची सक्ती नाहीं. हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें. जबरदस्तीनें उघडावयास लावलेलें मन खरें बोलत नाहीं.

गुप्ततेचा हा एवढा बंदोबस्त कशासाठीं, असें ज्यांस वाटेल त्यांच्यासाठीं एक पाहिलेली गोष्ट सांगतों. आम्ही बत्तीस वर्षें शाळामास्तर होतों. एका शाळेंत, तिचें नांव येथें नको, दरवर्षीं शिक्षकांकडून अडचणींचा तक्ता भरून घेत. आमच्या एका सहकाऱ्यानें त्यांत सरळपणें लिहिलें कीं, सत्तर सत्तर मुलांच्या चार तुकड्यांच्या वह्या तपासतांना रात्रीची झोंप उडाली आहे आणि वर्गांत उभें राहिलें कीं छातींत धडधडतें. तुकडी कांहीं कमी झाली नाहीं. पण दोन वर्षांनीं पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हां तोच तक्ता निवड-समितीपुढें ठेवण्यांत आला, आणि प्रकृतीनें नाजूक म्हणून गृहस्थांस वगळण्यांत आलें. त्यानंतर त्या शाळेंत सर्वच शिक्षक तक्त्यावर 'अडचण नाहीं' असें लिहूं लागले, आणि आम्ही निवृत्त होईपर्यंत त्या शाळेंत कोणास अडचण म्हणून राहिली नव्हती!

आतां डॉक्टरच्या भेटीनंतर काय? जपानी कायद्यांत या डॉक्टरचें काम नोकरास धीर देऊन परत पाठविण्यापुरतें नाहीं. भेटीनंतर मालकानें डॉक्टरचें मत घेतलें पाहिजे, आणि त्या मताप्रमाणें जरूर तर कामाचे तास कमी करणें, रात्रपाळी बंद करणें, काम किंवा जागा बदलून देणें, असे उपाय योजले पाहिजेत. म्हणजे औषध माणसास जितकें, तितकेंच त्याच्या कामासही. या कलमाचें महत्त्व कळण्यासाठीं अमेरिकेंतील एका जुन्या प्रयोगाकडे वळलें पाहिजे.

शिकागोजवळ हॉथॉर्न येथें वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा प्रचंड कारखाना होता. तेथें १९२८ ते १९३० या काळांत २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यांत आल्या, आणि नुसतें कोणी ऐकून घेतलें तरी माणसाचें मन हलकें होतें, असें चालकांच्या ध्यानांत आलें. त्यावरून १९३६ सालीं कंपनीनें खास सल्लागार नेमले. त्यांनीं कामगारांत हिंडावें आणि कोणी बोलूं लागल्यास शांतपणें ऐकावें. मात्र त्यांनीं सल्ला देऊं नये, वरिष्ठांकडे रदबदली करूं नये, आणि ऐकलेलें बाहेर बोलूं नये, असा दंडक होता. १९४८ च्या सुमारास अशा सल्लागारांची संख्या पन्नासांवर गेली होती. १९५६ सालीं ती योजना बंद पडली. गुप्तता तेथेंही कडक पाळली जात होती, ऐकणारेही प्रामाणिक होते. परंतु ज्या मुकादमाविषयीं किंवा ज्या यंत्राविषयीं कामगार तक्रार करी, तीं दोन्ही होतीं तशींच राहत. कामगाराच्या मनांतील वाफ तेवढी बाहेर जाई. कामगार-संघांच्या पक्षाच्या टीकाकारांनीं या प्रकारावर पुष्कळ तोंडसुख घेतलें, आणि आमच्या मतें त्यांत तथ्य होतें. घरांतही आपण हेंच पाहतों. सुनेचें गाऱ्हाणें मोठ्या मायेनें ऐकून घेणारी सासू पुष्कळ ठिकाणीं आढळते. पण पहांटेचा डबा करण्याचें काम दुसऱ्याकडे देणारी विरळा.

जपानी कायदा सर्वगुणसंपन्न आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्यांचा भार जास्त आढळतो त्यांपैकीं फार थोडे डॉक्टरची भेट मागतात. कारण उघड आहे: भेट मागितली कीं मालकास कळलेंच. दुसरें असें कीं, सर्व उत्तरांची बेरीज करून कोणत्या खात्यांत भार जास्त आहे हें पाहणें, आणि त्या खात्याचीच घडी सुधारणें, हा या तपासणीचा खरा उपयोग. पण कायद्यानें तो भाग 'प्रयत्न करावा' एवढ्यावरच सोडला. ज्या ठिकाणीं तपासणीबरोबर कामाची व्यवस्थाही सुधारली, तेथें नोकरांच्या मनाची स्थिति बरी झालेली अभ्यासकांस आढळली. नुसत्या तपासणीचा तसा गुण दिसला नाहीं.

आणि ज्या महिन्यांत हा कायदा अमलांत आला, त्याच महिन्यांत, २५ डिसेंबर २०१५ रोजीं, त्याच डेन्त्सू कंपनींतील २४ वर्षांच्या एका तरुणीनें आत्मघात केला. नोकरीस लागून तिला वर्षही झालें नव्हतें, आणि महिन्यास शंभराहून अधिक तास जादा काम तिच्याकडून झालें होतें. २०१७ सालीं न्यायालयानें कंपनीस दंड केला तो पांच लक्ष येनांचा. एवढ्या मोठ्या कंपनीस हा दंड म्हणजे समुद्रांतून ओंजळभर पाणी काढल्यासारखा. पण लोकक्षोभ असा उसळला कीं, २०१८ सालीं जादा कामाच्या तासांवरच कायद्यानें मर्यादा आली, आणि ती २०१९ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांस लागू झाली. साधारणतः महिन्यास ४५ तास. कितीही निकड असली तरी एका महिन्यांत १०० तासांच्या आंत आणि वर्षांत ७२० तासांपर्यंतच. शिवाय नोकरानें वर्षांत निदान पांच दिवस तरी भरपगारी रजा घेतलीच पाहिजे, हें पाहण्याचें काम मालकावर पडलें. रजा घेण्याचीही सक्ती करावी लागावी, यावरून त्या समाजाच्या उद्योगप्रियतेचें कौतुक करावें कीं कींव करावी, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. तरीही वर्षाकांठीं एक प्रश्नावली भरून घेण्यापेक्षां रात्रीं नऊला दिवे मालवणें हा आम्हांस अधिक गुणकारी उपाय दिसतो.

आमच्या देशांत मनाची अशी वार्षिक तपासणी बंधनकारक करणारा कायदा नाहीं. मालकावर नोकराच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकणें मात्र आम्हांस अगदींच अपरिचित नाहीं. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें पांचशें कामगारांच्या कारखान्यांत कल्याण-अधिकारी नेमण्याची, अडीचशेंहून अधिक असल्यास उपाहारगृहाची, आणि दीडशेंहून अधिक असल्यास विश्रांतिगृहाची तरतूद केली होती. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या मराठी कुटुंबांस कल्याण-अधिकारी ही काय वस्तु आहे हें सांगावयास नको. पण तो कायदा यंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्या माणसासाठीं होता. संगणकापुढें बसलेल्या माणसास ताण पडतो, हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें मनाच्या आजारासही शरीराच्या आजाराप्रमाणेंच विम्याचें संरक्षण द्यावें असें ठरविलें, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारनें 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी-सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६; त्यावर मराठींतही बोलतां येतें. या दोन्ही सोयी उत्तम आहेत व घरांत माहीत असल्याच पाहिजेत. परंतु त्या दुखणें आल्यावर उपयोगी पडणाऱ्या आहेत. कचेरीच्या आंत, दुखण्याच्या आधीं, कोणी लक्ष द्यावें हा प्रश्न शिल्लकच राहतो. कित्येक कंपन्या दहा ऑक्टोबरला, म्हणजे मनःस्वास्थ्याच्या जागतिक दिवशीं, योगासनांचा वर्ग ठेवतात व एखादें व्याख्यान करवितात. योगासनांविरुद्ध आम्ही बोलावें असें कदापि होणार नाहीं. पण व्याख्यान संपतांच साहेब रात्रीं अकराच्या बैठकीचें निमंत्रण पाठवितो, तेव्हां त्या शवासनाचा उपयोग काय? जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२२ सालीं या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत कामाची रचना सुधारणें व वरिष्ठांस या बाबतींत शिक्षण देणें यांस स्थान दिलें आहे.

आमच्या घरांतून मुलामुलींच्या नोकरीची चौकशी वडीलमंडळी मोठ्या कसोशीनें करतात. पगार, बढती, परदेशीं जाण्याची संधि, सारें विचारलें जातें. त्याच चौकशींत आणखी दोनचार प्रश्न घालावे. तेथें डॉक्टर आहे काय, आणि तो मालकास काय सांगतो? समुपदेशकाची सोय असल्यास त्याच्याकडे गेल्याचें कचेरींत कोणास कळतें? गेल्या वर्षांत त्या खात्यांतून किती जण सोडून गेले? आजारपणाची लांब रजा घेऊन परत आलेल्यास पूर्वींचें काम परत मिळतें काय? लग्न ठरवितांना मुलीच्या नोकरीविषयींही हेच प्रश्न विचारावे, आणि त्यांत भर म्हणून, तिच्या सासरीं तिची दुसरी पाळी किती वाजतां सुरू होते, हेंही एकदां वडीलधाऱ्यांनीं आपसांत बोलून घ्यावें.

जपानांतील लहान ठिकाणांची व्यवस्था आतां होऊं घातली आहे. आजवर ५० च्या आंतील कचेऱ्यांवर तपासणीची सक्ती नव्हती. २०२५ च्या मे महिन्यांत जाहीर झालेल्या दुरुस्तीनें ती त्यांवरही येणार असून, तीन वर्षांच्या आंत अमलांत यावयाची आहे. तेथें नवीच अडचण उभी राहते. एखाद्या खात्याचा एकत्रित निकाल काढावयाचा तर त्यांत निदान दहा माणसें असावींत, नाहीं तर कोणाचें उत्तर कोणतें हें ओळखूं येतें, असा तेथील दंडक आहे. सात माणसांच्या छापखान्यांत किंवा पांच माणसांच्या दुकानांत हा दंडक पाळावयाचा कसा? म्हणून अशा ठिकाणीं तपासणी बाहेरच्या संस्थेकडे सोंपवावी, असें तज्ज्ञांचें मत पडलें. लहान ठिकाणच्या नोकरांस डॉक्टरचा सल्ला विनामूल्य मिळावा म्हणून तालुक्या-तालुक्यास असतात तशीं सरकारी केंद्रें तेथें पूर्वींपासून आहेत. आतां त्या केंद्रांपुढील रांग वाढेल. आमच्याकडील बहुसंख्य माणसें अशाच पांचसात जणांच्या दुकानांतून व कचेऱ्यांतून काम करतात, तेव्हां पुढच्या दोनतीन वर्षांत तेथें काय होतें, इकडे आम्ही लक्ष ठेवणार आहों.